रोज तीन वाजता तोच सिनेमा

३ जानेवारी

वाचा शिकवणारी मुलगी आज शेवटची आली. दारात चपला घालता घालता म्हणाली, "काकू, आता माझ्याकडे नवीन काही उरलं नाही." प्रामाणिक आहे बिचारी. सहा महिने माझ्या नवऱ्याला चित्रांचे पत्ते दाखवले. कप, चावी, घोडा. "ह्यातला कप कुठला?" तो भिंतीकडे बघायचा. "कळलं असेल तर माझा हात दाबा." नाही दाबला. पहिल्या दोन महिन्यांनंतर तर तिने विचारणंही सोडलं होतं, नुसते पत्ते फिरवायची.

जूनमध्ये झटका आला तेव्हाच मेंदूचे डॉक्टर म्हणाले होते — उजवं अंग गेलं, वाचा गेली, समजही गेली असं धरून चाला. मी धरून चालले नाही. पालथ्या घड्यावर पाणी. आता धरते.

जाताना म्हणाली, "ओळखीचं काहीतरी लावत जा त्यांच्यासमोर. फायदा होईलच असं नाही. पण तुमचा वेळ जाईल."

माझा वेळ!

४ जानेवारी

ओळखीचं म्हणजे काय लावू? एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्याला माझ्याहून ओळखीची एकच गोष्ट — तो सिनेमा. चौघांचा रॉक बँड, त्यांचा शेवटचा कार्यक्रम, सहा कॅमेऱ्यांनी घेतलेला. संकलन ह्याचं. लोक अजून त्याच्यावर लेख लिहितात. चौदा महिने तो एका खोलीत बसून फिल्म कापत होता आणि मी पोट सांभाळत होते. लेक झाली त्या दिवशीही तिथेच. दुसऱ्या दिवशी आला, बाळाकडे बघून म्हणाला, "मान कशी वळवते बघ — मधली एक फ्रेम गाळल्यासारखी!" मी तोंड फिरवून रडले. सवत म्हणायचे मी त्या सिनेमाला. पहिल्या खेळाला कानात कापूस घालून बसले होते. पुन्हा कधी पाहिला नाही.

जुलैमध्ये कंपनीकडून पाकीट आलं होतं — जुना सिनेमा साफसूफ करून काढलेली नवी आवृत्ती. तो तेव्हा दवाखान्यात. फोडलंच नव्हतं. आज फोडलं.

५ जानेवारी

दुपारी तीनला लावला. हँडल फिरवून कॉट वर केली, उशा कोंबल्या. वीस मिनिटं टिकले. काय तो दणदणाट! तो बघत होता की नुसतं त्या बाजूला तोंड होतं, देव जाणे.

८ जानेवारी

सकाळी त्याचं सगळं करायला मावशी येतात, त्या आज दुपारपर्यंत थांबल्या होत्या. म्हणाल्या, "साहेब त्या वेळात बरे शांत पडतात हो. लावत जा." लावते. आवाज निम्मा.

११ जानेवारी

एक गंमत दिसली. गेले सहा दिवस डोळ्यांसमोरच होती, दिसली आज.

सुरुवातीला स्टेजवर बँड नाहीच. एक माणूस गुडघ्यांवर बसून वायरींना चिकटपट्टी लावतोय. त्याची पाठ. मग नुसता माइकचा दांडा. लोक ओरडायला लागतात, म्हणजे मंडळी आली असणार — पण कॅमेरा त्या दांड्यावरच! किती वेळ! मग कडेने एक हात येतो आणि दांडा जरासा खाली करतो. नखं चावलेली. एवढा मोठा गायक, आणि आधी दिसतात त्याची चावलेली नखं. घाबरलाय तो. कोणी सांगितलं नाही, पण कळलं.

हे कोणीतरी ठरवलं असेल ना? कोणीतरी म्हणजे — हाच. ज्याची लाळ मी दर दहा मिनिटांनी पुसते तो.

१२ जानेवारी

पाठ धरली. सिनेमा नाही.

१५ जानेवारी

रिमोटवर एकेक चित्र पुढे सरकवायचं बटण सापडलं. एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली मी. ओळीखाली बोट धरल्याशिवाय वाचताच येत नाही. तसाच सिनेमा तपासायला घेतला.

ड्रमचा ठोका पडला की चित्र बदलत असेल, अशी माझी समजूत. तसं नाहीच! चित्र आधी बदलतं. पापणी लवायच्या आत, इतकंसं आधी. मग ठोका. म्हणजे ठोका पडतो तेव्हा आपण तिथे पोचून त्याची वाट बघत असतो.

आठवलं. एकदा जेवताना चमचा ताटावर आपटत म्हणाला होता, "ठोक्यावर कापलं की कवायत होते. एक-दोन, एक-दोन." मी म्हटलं होतं, "ताट फुटेल." एवढंच म्हटलं होतं मी.

१६ जानेवारी

गिटारवाला जीव तोडून वाजवतोय, आणि पडद्यावर कोण? ड्रमवाला! तो गिटारवाल्याकडे बघतोय — कधी संपवतोस, कधी मी सुरू करू. काठी वर धरलेली. ती खाली येईपर्यंत माझाच श्वास अडकला. बोटं दाखवणं सोपं होतं. ऐकणारा माणूस दाखवायचं डोकं कुठून आलं असेल?

आता विचारून काय उपयोग. अडतीस वर्षं वेळ होता विचारायला.

२० जानेवारी

लोक दिसतच नाहीत! सहा हजार माणसं आली होती म्हणे. नुसता त्यांचा आवाज. चेहरे थेट शेवटच्या गाण्यात. तोवर आपणच ते लोक.

ह्यावरून दिग्दर्शकाशी फोनवर केवढं वाजलं होतं! "प्रेक्षक दाखवायचे म्हणजे बघणाऱ्याला चिमटा काढून सांगायचं — बघ, मजा येतेय! यायची असली तर येईल की!" फोन आपटला. लेक दचकून उठली, म्हणून मग माझं आणि ह्याचं वाजलं.

फक्त एकदाच नियम मोडलाय. संथ गाणं आहे एक. गायक पियानोपाशी एकटा. कॅमेरा जागचा हलत नाही. आणि मध्येच, तीन सेकंद, गर्दीतली एक मुलगी. ओठ घट्ट मिटलेले, डोळे काठोकाठ. मग पुन्हा गायक. मला हुंदकाच फुटला. त्याला म्हटलं, "नियम मोडावा तर असा रे! ह्या एका मुलीसाठी तुला सगळं माफ."

त्याच्या घशातून आवाज आला. मोठा, घोगरा. योगायोग.

२३ जानेवारी

योगायोग नाही. रोज त्याच जागी. ती मुलगी आली की घशातून ओरडल्यासारखं, आणि डावा हात चादरीवर आपटतो. त्यालाही भरून येत असेल? मी कपाळावरून हात फिरवला. म्हटलं, हो रे, फार छान घेतलीस तू ती, मलाही रडू येतं. तर आणखीनच जोरात.

लेकीला फोनवर सांगितलं. म्हणाली, "आई, दुखत असेल गं काहीतरी बाबांना."

२७ जानेवारी

डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांच्यासमोर लावून दाखवलं. ओरडला. डॉक्टर म्हणाले, "ह्यात अर्थ शोधू नका. वाऱ्याने पान हलतं, तसं." मी विचारलं, "रोज त्याच गाण्यात कसं हलतं?" म्हणाले, "काहीतरी सूर लागत असेल कानाला." गोळी वाढवली.

गोळीने तो दुपारचा अर्धा झोपेतच असतो. सिनेमा मी बघते.

३१ जानेवारी

शेजारच्या वहिनी येऊन बसल्या. कॉटच्या ह्या बाजूला मी, त्या बाजूला त्या, मध्ये तो. "किती दिवस हो असं?" म्हणाल्या. मी म्हटलं — लिहूनच टाकते, मनात ठेवलं तर कुजेल — मी म्हटलं, "सुटला तर बरं. तोही सुटेल, मीही." आणि त्याच्या अंगावरून हात लांब करून त्यांना बिस्किटाची बशी दिली.

रडले नाही. चहा प्यायले.

४ फेब्रुवारी

कॉटवरून खुर्चीत घेताना दोघंही खाली. तो माझ्या पायांवर. मावशी नुकत्याच गेलेल्या. लिफ्ट बंद, जिन्यात चिटपाखरू नाही. हाका मारून घसा बसला. शेवटी हसायलाच लागले मी! तिसऱ्या मजल्यावर दोन म्हातारी माणसं जमिनीवर, आणि टीव्हीत सहा हजार लोक टाळ्या पिटतायत.

अर्ध्या तासाने वरच्या मजल्यावरचे मास्तर जिना उतरताना ऐकून आले.

५ फेब्रुवारी

लेक आली. माझा गुडघा बघितला, त्याच्या कोपराचं खरचटलेलं बघितलं. वाद घातला नाही तिने. शांतपणे सांगितलं की शहराच्या कडेला एक शुश्रूषा केंद्र आहे, तिथे पंधरा मार्चला जागा होतेय. "मला दोघांना एकदम गमवायचं नाहीये, आई."

मी म्हटलं, "हळू बोल, त्याच्यासमोर नको."

तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरले. म्हणाली, "ते कुठे आहेत गं आता? असते तर बोलले असते का मी असं?"

१० फेब्रुवारी

लेकीबरोबर केंद्र बघून आले. वाईट काढायला जागा नाही. फरशी ओली, पण स्वच्छ. खोलीत दोन कॉट, मध्ये पडदा. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. दुसऱ्या कॉटवरचे गृहस्थ आम्हाला बघून टाळ्या वाजवत राहिले. तिथली बाई म्हणाली, "त्यांना कळत नाही काही, लक्ष देऊ नका." टीव्ही आहे. सर्वांचा मिळून एक.

हो म्हणून आले.

घरी येऊन तीनचा सिनेमा पाचला लावला.

१४ फेब्रुवारी

सातवं गाणं. गायक किंचाळतो तो मोठा सूर — सगळा कार्यक्रम ज्याच्यासाठी, तो. आणि तेव्हाच गायक दिसत नाही! बेस वाजवणारी बाई दिसते. ती डोळे मिटून नुसती ऐकतेय, मान हळूच एकीकडे जाते, आणि ओठांवर काहीतरी हलतं — हसू म्हणावं तर नाही. हा बँड आज मोडणार आहे, हे तिच्या तोंडावर लिहिलंय. मला राहवेना. टाचणीला फोन लावला.

टाचणी म्हणजे तेव्हाची ह्याची मदतनीस. अंगाने तशी, आणि कापलेले तुकडे टाचून ठेवायचं काम, म्हणून ह्यानेच पाडलेलं नाव. आता दुसऱ्या शहरात संकलन शिकवते. माझा आवाज ऐकून आधी घाबरली. मग मी बेसवालीचं विचारलं तर मोठ्याने हसली. "वहिनी! गायकावरच्या कॅमेऱ्यातली फिल्म संपली होती हो, ऐन तिथे! त्या सुराचा त्याचा चेहरा जगात कुठेच नाहीये. दिग्दर्शकांनी डोकं धरलं. सर तीन दिवस काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, गाणारा नाही ना, मग ऐकणारं कोण आहे ते शोधू."

तीन दिवस. ते आठवतात मला. मला वाटलं होतं माझ्यावर रुसलाय.

पंधरा तारखेचं सांगितलं तिला. म्हणाली, त्याआधी येते.

२० फेब्रुवारी

केंद्रात न्यायच्या कपड्यांवर दोऱ्याने नाव घालायचंय. सहा सदरे झाले. सुई दिसत नाही.

१ मार्च

टाचणी आली. केस पिकलेत, बाकी तशीच काटकी. स्टूल ओढून त्याचा डावा हात धरला. "सर, जाडी झालेय ना मी?" तो बघत होता. मी दुपारची गोळी दिली नव्हती — तेवढा तरी जागा राहू दे म्हणून.

तीन वाजता लावला. ती एकेक सांगत होती. सहा कॅमेरे, सहांचा वेळ जुळवायला अकरा आठवडे, ड्रमवाल्याची काठी आणि गायकाचे ओठ बघून बघून. प्रेक्षकांचा आवाज एका गाण्यात हळूहळू काढून घेतलाय, पियानोच्या पायपट्टीची करकर ऐकू यावी म्हणून. मला ते कळलंही नव्हतं. मी वहीच घेऊन बसले.

संथ गाणं आलं. म्हटलं, "आता बघ, माझी सगळ्यात आवडती जागा." मुलगी आली. तो ओरडला.

टाचणी उठून उभी राहिली. "ही कोण?"

"गर्दीतली मुलगी."

"वहिनी, ही इथे नाहीये."

"नाहीये कशी? रोज बघते मी."

"ह्या गाण्यात एकही कट नाही! चार मिनिटं वीस सेकंद, सलग. सर म्हणाले होते, माझे हात मागे बांध, नाहीतर मी कापेन. बांधले होते मी, मफलरने! न कापणं हेच तर त्या गाण्याचं काम होतं." रिमोट ओढून घेऊन ती मागे गेली, पुढे आली. "इथे मूळ फिल्मवर ओरखडा होता. आम्ही तो राहू दिला होता. ह्या कंपनीवाल्यांना साफ करताना निघाला नसेल, म्हणून वर ही चिकटवली. विचारलं कोणाला? सरांना विचारलं?"

आणि तो गप्प झाला होता. भिंतीकडे नव्हता बघत. तिच्याकडे बघत होता, टक लावून.

ती हळूच खाली बसली. पिशवीतून लॅपटॉप काढला. त्यात जुनी प्रत होती, मुलांना शिकवायला ठेवलेली. तेच गाणं लावलं. त्या जागी केसाएवढा ओरखडा, बाकी गायकच. त्याने हूं की चूं केलं नाही. पुन्हा टीव्हीवर लावलं — ओरडला, हात आपटला. पुन्हा लॅपटॉप — शांत. पुन्हा टीव्ही.

टाचणी म्हणाली, "वहिनी, सरांना दुखत नाहीये. सर चूक दाखवतायत."

२ मार्च

सहा आठवडे. तो चूक दाखवत होता, आणि प्रुफं तपासण्यात हयात घालवलेली मी त्याला त्याच चुकीबद्दल शाबासकी देत होते. रोज. कपाळावरून हात फिरवून.

आणि तो चूक दाखवायचा म्हणून त्याला गोळी देत होते.

आज जेवण गेलं नाही. त्याच्या खोलीत जायला लाज वाटते. त्याच्यादेखत काय काय बोललो आम्ही. डॉक्टर, लेक, वहिनी, मी. मी सर्वांत जास्त.

४ मार्च

डॉक्टर आणि वाचा शिकवणारी मुलगी दोघं आली. पत्ते पुन्हा काढले. "चावी असेल तर हात दाबा." वेळ लागला. इतका की ती पत्ता खाली ठेवणार होती. दाबला! दहातले नऊ बरोबर. हो म्हणजे एकदा, नाही म्हणजे दोनदा, एवढं बसवून दिलं. मुलगी बाथरूममध्ये जाऊन रडून आली.

डॉक्टर चष्मा पुसत राहिले. म्हणाले, समज हळूहळू परतली असावी, कधी ते सांगता येत नाही. वाचा मात्र येणार नाही. उजवे हात-पायही नाहीत. दुसरा झटका कधीही येऊ शकतो. म्हणजे बाकी सगळं होतं तसंच.

लेकीला सांगितलं. तिने दोनदा पुन्हा सांगायला लावलं. मग, "मी म्हटलं होतं ना गं, ते कुठे आहेत. त्यांच्यासमोर." केंद्राला नको म्हणून कळवते म्हणाली.

६ मार्च

सकाळी खुर्ची त्याच्या तोंडासमोर ओढली. हात हातात घेतला. "सगळं ऐकलंस?" एकदा. "शेजारच्या वहिनींना म्हटलं तेही?" एकदा. माफी मागितली. त्यावर दाबलं काहीच नाही, नुसता हात राहू दिला.

म्हटलं, "ते केंद्र रद्द केलं. तू कुठेही जायचं नाहीस."

दोनदा.

मला वाटलं चुकून झालं. नीट विचारलं, "जायचंय का तुला तिकडे?"

एकदा.

"माझे हाल बघवत नाहीत म्हणून?"

त्याची नजर माझ्या दुखऱ्या गुडघ्याकडे गेली. मग दोनदा.